पाहुण्यांना दाखवायच्या जागा

“राजा इथं किती वर्षं होता म्हणालीस?” मालिनीबाईंनी विचारलं.

“या राजवाड्यात पाच-सहा वर्षं. त्याआधी पुष्कळ वर्षं गावात दुसरीकडे. इंग्रजांनी ब्रह्मदेशातून आणून ठेवला होता त्याला.”

“मग परत कधी गेला?”

“नाही गेला. इथंच वारला.”

“अरेरे.” त्यांना खरोखर वाईट वाटलं. मागे वळून त्यांनी मुलाला हाक मारली, “उदय, ऐकलंस का? एवढा राजा, पण परत काही जाता आलं नाही बिचाऱ्याला.”

उदय आंबेरकर थिबा राजवाड्याच्या लाल कमानींचा फोटो काढत होता. “हो का?” एवढंच तो म्हणाला. त्याच्या मागून दोन पिशव्या, पाण्याची मोठी बाटली आणि मालिनीबाईंची छत्री सांभाळत त्याची आत्या येत होती. तिचं नाव द्वारका, हे मला तेव्हा माहीतही नव्हतं. आदल्या संध्याकाळी ओळख करून देताना मालिनीबाई एवढंच म्हणाल्या होत्या, “ह्या आमच्या वन्सं. असतात आमच्याकडेच.”

ही गोष्ट १९९४ च्या मे महिन्यातली. मी एकतीस वर्षांची होते, रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर पासच्या खिडकीत बसायचे आणि थिबा राजाची माहिती अकराव्यांदा सांगत होते.

आमच्याकडे स्थळं यायची ती मे महिन्यातच. मुंबई-ठाण्याच्या लोकांना सुट्टी असायची, आंबा तयार असायचा. मुलगी बघायला म्हणून यायचं आणि आलोच आहोत तर रत्नागिरीही बघून जायचं, असा सगळ्यांचा सोयीचा हिशेब. माझ्या वडिलांना, म्हणजे भाऊंना, त्यात काही गैर वाटायचं नाही. उलट आनंद व्हायचा. ते नगरपालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेले. गावातली प्रत्येक विहीर, प्रत्येक घाटी त्यांच्या पायाखालची. पाहुणे यायचे ठरले की ते कागद घेऊन बसायचे आणि दिवसाची आखणी करायचे. सकाळी थिबा राजवाडा, तिथून थिबा पॉइंटवर खाडी बघायची. मग टिळकांचं जन्मस्थान, पतितपावन मंदिर. दुपारी घरी जेवण. उन्हं उतरली की मत्स्यालय, मांडवीचा धक्का, आणि शेवटी भगवतीचा किल्ला आणि दीपगृह. या सगळ्यातून पाहुण्यांना फिरवायला मी. “म्हणजे मुलगी कशी बोलते-चालते तेही कळतं त्यांना,” असं भाऊंचं म्हणणं.

माणसं खूश होऊन जायची. पंधरा दिवसांनी कार्ड यायचं, पत्रिका जुळत नाही. एका घरानं तर आमच्याकडे पत्रिका मागितलीही नव्हती, तरी ती जुळली नव्हती.

आंबेरकर मंडळी ठाण्याची. वडील गेलेले, उदय एकुलता एक, छत्तीस वर्षांचा, मीटर बनवणाऱ्या कंपनीत कामाला. स्वतःची मारुती व्हॅन घेऊन आले होते. मालिनीबाई मला आवडल्या, हे मी आधीच सांगून टाकते. आईनं केलेल्या सुरमईच्या कालवणाची त्यांनी दोनदा तारीफ केली, आणि ती तोंडदेखली नव्हती. वाढायला स्वतः उठल्या. दुपारी जेवण झाल्यावर मी भांडी आवरत होते तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या, “हेमलता, तुला म्हणून सांगते. मी ह्या वेळी त्याचं काही ऐकणार नाही. दर वेळी काहीतरी खोट काढतो. मी दमले आता.”

हे आईनं ऐकलं. तिच्या हातातला डाव तसाच राहिला. मग ती भाऊंच्या खोलीत गेली, आणि थोड्या वेळानं भाऊंचा खोकल्याचा आवाज आला. भाऊंना आनंद झाला की ते उगाच खोकायचे.

मला काय वाटलं? खरं सांगायचं तर पाय दुखत होते. सकाळी पाचला उठले होते. पण त्याच्या खाली कुठंतरी असंही वाटलं की चला, संपलं एकदाचं. उदय वाईट नव्हता. कमी बोलायचा, पण विचारलेल्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायचा. नंतर मत्स्यालयात त्यानं मला विचारलं, “तुम्हाला कंटाळा येत नाही का हे सारखं दाखवून?” इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

किल्ल्यावर पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. भगवतीचं दर्शन घेतलं. मालिनीबाईंना तटावरून फिरून समुद्र बघायचा होता. “उदय, चल. हेमलता, तू येतेस ना?”

“तुम्ही या जाऊन. मी बसते आत्यांजवळ,” मी म्हणाले. मला खरंच आणखी चालवत नव्हतं.

ती दोघं तटाकडे गेली. देवळाच्या मागच्या बाजूला सावली होती. तिथं कट्ट्यावर आत्या पिशव्या मांडीशी घेऊन बसली होती. सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांची, बारीक, कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं घातलेली.

“तुम्ही पण जा ना,” मी म्हटलं. “पिशव्या मी सांभाळते. इथून समुद्र फार छान दिसतो.”

“नको बाई. सवय आहे मला.” ती हसली. “मागच्या महिन्यात मालवणला गेलो होतो. सगळी होडीतून पाण्यातल्या किल्ल्यात गेली. मी धक्क्यावर सामान घेऊन बसले. त्याच्या आधी अलिबाग. तिथं ओहोटीला म्हणे किल्ल्यात चालत जाता येतं. मी घोडागाडीत बसले होते.”

“बरंच फिरलात की यंदा.”

“फिरायला नाही,” ती म्हणाली. “मुली बघायला.”

तिनं पिशवीतून लिमलेटच्या गोळ्या काढल्या, एक मला दिली, एक स्वतः घेतली. कागद घडी करून परत पिशवीत ठेवला.

“मालवणच्या मुलीच्या आईनं मला साडी नेसवली,” ती म्हणाली. “मला! मी कोण त्यांची? म्हणाली, तुम्ही आत्या आहात, तुमचा मान. ती बाई अजून पत्राची वाट बघत असेल.”

“पत्र नाही पाठवलं?”

“उदय पाठवतो म्हणाला.” तिनं तटाकडे बघितलं. ती दोघं लांब गेली होती, मालिनीबाईंचा पदर तेवढा दिसत होता. “तुझं नाव हेमलता ना?”

“हो. हेमा म्हणतात.”

“हेमा, मी आता तुला एक सांगणार आहे. सांगू नये. पण काल तू माझं ताट बाहेर ह्यांच्याबरोबर मांडलंस, आणि दुपारी वहिनी तुला जे बोलल्या तेही मी ऐकलं. मला आता हे होत नाही गं.” तिचा आवाज अगदी खाली आला. “उदयचं लग्न झालंय.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“जानेवारीत. रजिस्टर. त्याच्या ऑफिसातली आहे. पहिला नवरा सोडलेली, ह्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. चांगली मुलगी आहे. वहिनींना चालणार नाही, म्हणून सांगितलं नाही. ती तिच्या आईकडे राहते, हा आमच्या घरी. आज सांगतो, उद्या सांगतो, असं चाललंय. आणि वहिनी मुली बघतायत.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“साक्षीदार म्हणून सही माझी आहे.” तिनं उजव्या हाताकडे बघितलं. “लहानपणापासून मी वाढवलाय त्याला. म्हणाला, आत्या, तुझ्याशिवाय कोण आहे मला. मी केली सही.”

मला राग यायला हवा होता. पण आधी डोक्यात आलं ते एवढंच, की सकाळी उठून मी चार नारळ खवले होते. आणि आई म्हणाली होती, जरा जास्तच खव, पाहुण्यांना सोलकढी आवडली तर दोनदा मागतील.

“मी हे काकूंना सांगितलं तर?” मी विचारलं.

“तर मला त्या घरात जागा नाही. घर वहिनींचं आहे, दादा गेल्यावर त्यांच्या नावावर झालं. त्या वाईट नाहीत. पण हे नाही सहन करायच्या.” ती घाईघाईनं म्हणाली, “मी तुला सांग म्हणत नाही, सांगू नको असंही म्हणत नाही. तुला ठाऊक असावं, एवढंच. नाहीतर तू तर संसाराची स्वप्नं बघायला लागशील.”

“माझ्या वडिलांनी बघायला सुरुवात केलीय,” मी म्हणाले.

तटाकडून मालिनीबाईंची हाक आली. “हेमलता! अगं, तू येत नाहीस, आम्ही मात्र दमलो बघ!” त्यांचा चेहरा उन्हानं लाल झाला होता आणि त्या खूश होत्या.

तिथून दीपगृहाकडे गेलो. आत अरुंद जिना, गोल गोल वर जाणारा. मालिनीबाईंनी पहिल्याच पायरीवर हात टेकले. “मी काही चढत नाही. तुम्ही दोघं जा. सावकाश या, काही घाई नाही.” आणि आत्याला म्हणाल्या, “वन्सं, तुम्हीही बसा इथंच.”

वर गेलो. दिव्याजवळच्या माणसानं मोठी काचेची भिंगं दाखवली, त्याची नेहमीची दोन वाक्यं बोलला आणि खाली निघून गेला. बाहेरच्या गॅलरीत वारा इतका होता की मला पदर दातात धरावा लागला. सवयीनं मी हात लांब करून सांगायला लागले. “हे भगवती बंदर. पलीकडे मिऱ्या. त्या बाजूला मांडवी, आपण मघाशी गेलो होतो ती. आणि खाडीच्या पलीकडे झाडं दिसतात ते भाट्ये.”

“सुंदर आहे,” उदय म्हणाला.

“तुमच्या बायकोलाही आवडलं असतं.”

त्यानं कठडा धरला.

“आत्या बोलली?”

“कोण बोललं ते सोडा. खरं आहे ना?”

“हो.” तो माझ्याकडे बघत नव्हता. “मी आईला सांगणार आहे. तिला बीपीचा त्रास आहे. एकदम सांगितलं तर... मला वाटलं, चार-पाच ठिकाणी नाही म्हटलं की ती आपोआप थकेल. थांबेल.”

“आणि आम्ही?”

“तुम्ही?”

“ज्यांच्या घरी तुम्ही जेवता ते.”

तो म्हणाला, “तुमची माफी मागतो. मनापासून मागतो. मी ठाण्याला गेलो की लगेच पत्र टाकतो. पत्रिका...”

“पत्र नको. तुमच्या आईनं दुपारीच ठरवलंय. खाली गेल्यावर, घरी पोचल्यावर, त्या माझ्या वडिलांसमोर हो म्हणणार. माझे वडील आजच सगळ्या आळीला सांगतील. मग पंधरा दिवसांनी तुमचं पत्र. ते पुन्हा घरोघर जाऊन काय सांगतील?”

“मग मी काय करू?”

“घरी पोचायच्या आत आईला सांगा. गाडीत सांगा. नाहीतर भाऊंना बाजूला घ्या आणि त्यांना सांगा. ते कुणाला बोलायचे नाहीत, ओरडायचेही नाहीत.”

“आज? इथं?” त्याचा चेहरा पडला. “आणि मी नाही सांगितलं तर? तुम्ही सांगणार?”

मी जिन्याकडे वळले.

“तुम्ही सांगितलंत तर आत्याचं काही खरं नाही,” तो म्हणाला. “तेवढा विचार करा.”

पुढे कितीतरी वर्षं मी या वाक्याचा विचार केला. ती धमकी नव्हती. त्याला खरोखर आत्याची काळजी होती, आणि त्याच वेळी तो तिच्या आडही उभा होता. दोन्ही एकाच माणसात.

गाडीत मी मागे बसले, आत्याच्या शेजारी. किल्ल्यापासून आमच्या झाडगावातल्या घरापर्यंत फार तर वीस मिनिटं. प्रत्येक वळणावर मला वाटायचं, आता बोलेल. मालिनीबाई पुढे बसून मांडवीच्या भेळेविषयी बोलत होत्या. तो “हं, हं” करत होता. आत्यानं माझा हात धरला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. पिशव्या घट्ट धरून ती समोर बघत होती.

घर आलं. तो बोलला नव्हता.

आईनं चहा ठेवला होता. बाहेरच्या खोलीत भाऊंनी आंब्याची पेटी पेंढा घालून, सुतळीनं बांधून तयार ठेवली होती. मंडळी तिथून पुढे गणपतीपुळ्याला मुक्कामाला जाणार होती. चहा झाला. भाऊंनी विचारलं, “काय, कशी वाटली आमची रत्नागिरी?”

“रत्नागिरी छानच आहे,” मालिनीबाई म्हणाल्या. कप खाली ठेवून त्या सरळ बसल्या. “पण आम्हाला मुलगी त्याहून पसंत आहे. शिवलकर, मी एकटी बाई, मला फार बोलता येत नाही. तुम्हाला चालणार असेल तर आपण आजच नक्की करू या. पत्रिकेचंही काही नको.”

भाऊ खोकले. दोनदा खोकले. मग “बसा हं, आलोच,” असं म्हणून साखर आणायला उठले. आईनं डोळ्यांना पदर लावला होता. उदय पेटीच्या सुतळीकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं, चांगला वेळ देऊन बघितलं. त्यानं मान वर केली नाही.

भाऊ वाटी घेऊन आले.

“भाऊ, थांबा,” मी म्हणाले. “मला हे स्थळ पसंत नाही.”

त्यांना ऐकू आलं नाही असं वाटलं. वाटी तशीच पुढे धरून ते म्हणाले, “काय गो?”

“मला पसंत नाही. मला हे लग्न करायचं नाही.”

मालिनीबाई म्हणाल्या, “पण का? काय कमी आहे माझ्या मुलात?”

“काही कमी नाही, काकू.”

“मग माझ्यात काही दिसलं का? वर असताना हा काही वेडंवाकडं बोलला का तुला?”

“नाही. तुम्ही सगळी चांगली आहात. मला करायचं नाही, एवढंच.”

“सबंध दिवस आमच्याबरोबर हसत फिरलीस,” त्या म्हणाल्या. आवाजात राग कमी आणि दुखावलेपण जास्त होतं. “एकतीस वर्षांची मुलगी. कारण तरी सांगावं ना माणसानं.”

“हेमा, आत जा,” भाऊ म्हणाले.

“जाते. पण माझं उत्तर बदलायचं नाही.”

आतून मला सगळं ऐकू येत होतं. मालिनीबाई उठल्याचं, आई रडत माफी मागत असल्याचं, चपलांचं. आत्या पाण्याची बाटली भरून घ्यायला स्वयंपाकघरात आली. मी माठातून पाणी भरून दिलं. बाटलीचं झाकण तिला लागेना, ते मी लावून दिलं. “येते,” एवढंच ती म्हणाली.

आंब्याची पेटी भाऊंनी स्वतः उचलून गाडीत ठेवली. मालिनीबाई नको नको म्हणत होत्या तरी ठेवली.

गाडी गेल्यावर ते आत आले. ओरडले नाहीत. खांबाला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, “आठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी हो म्हणालं होतं. तुला हवंय तरी काय?”

“काही नको,” मी म्हणाले. त्या क्षणी ते अगदी खरं होतं. मला फक्त पाय लांब करून पडायचं होतं.

त्यानंतर भाऊ माझ्याशी तीन आठवडे बोलले नाहीत. लागलंच तर आईला सांगायचे, तिला विचार, तिला सांग. दुसऱ्या दिवशी आईनं मला परसात गाठलं. “वर तो अंगचटीला आला का? मला तरी सांग.”

“नाही गं.”

“मग?”

मी सांगू शकले असते. पण आईला सांगितलं की भाऊंना कळणार, आणि भाऊ सरळ माणूस. त्यांनी त्याच दिवशी ठाण्याला पत्र लिहिलं असतं. पत्र मालिनीबाईंच्या हातात पडलं असतं. मग ती बारीक बाई दोन पिशव्या घेऊन कुठं गेली असती? मी गप्प राहिले. आणखी एका गोष्टीबद्दलही गप्प राहिले, ती मला आजही टोचते. मालवणला एक मुलगी पत्राची वाट बघत होती. तिचं नाव मी आत्याला विचारलं नव्हतं.

गावात बोललं जायचं ते बोललं गेलं. शिवलकरांची मुलगी तोंडावर नाही म्हणते. स्थळं आणणाऱ्या धुळपांनी आमच्या घरावरून जाणं बंद केलं. पुढचा मे आला आणि कुणी पाहुणे आले नाहीत. भाऊ संध्याकाळी एकटेच मांडवीला जाऊन बसायचे. तिथं बाहेरगावचं कुणी दिसलं तर त्यांना थिबा राजाची गोष्ट सांगायचे.

दोन वर्षं अशी गेली. मग शहाण्णवच्या नोव्हेंबरात धुळप पुन्हा आले. संगमेश्वरचा एक बिजवर, दोन मुलं, स्वतःचं किराणा दुकान. येत्या रविवारी बघायला येतील. भाऊंनी मला विचारलं नाही. मीही काही बोलले नाही. दमलेल्या माणसाला हो म्हणणं जास्त सोपं असतं.

त्याच शनिवारी दुपारी खिडकीत गर्दी नव्हती. मी फॉर्म लावत होते. बाहेरून आवाज आला, “बाई, झाडगावात शिवलकरांकडे जायचंय. रिक्षा कुठं मिळेल?”

मी मान वर केली. द्वारकाआत्या होती. हातात एकच लहान पिशवी. ठाण्याहून एसटीनं एकटी आली होती. मला बघून ती ओशाळली, मग हसली. “तू इथं असतेस हे विसरलेच होते. मला तुझ्या वडिलांना भेटायचंय.”

मी साहेबांना सांगून लवकर निघाले आणि तिला घरी घेऊन आले. भाऊंनी तिला लगेच ओळखलं. चेहरा कडक झाला, पण “या, बसा” म्हणाले. आईनं पाणी दिलं. आत्यानं ते प्यायलं आणि पेला खाली ठेवायच्या आधीच बोलायला लागली.

सगळं सांगितलं. लग्नाचं, सहीचं, देवळामागच्या कट्ट्यावरचं. “तुमच्या मुलीला त्या दिवशी मी सांगितलं होतं. ती दोन वर्षं गप्प राहिली ती माझ्यासाठी. दुसरं काही कारण नव्हतं. तिनं तुमचा शब्द मोडला असं तुम्हाला वाटत असेल, म्हणून आले.”

“आता कसं कळलं तुमच्या घरी?” आईनं विचारलं.

“उदयला मुलगी झाली. मग कुठं लपवणार? वहिनींनी लग्नाचा तो सरकारी कागद मागून घेतला. खालच्या सह्या वाचल्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत. माझी ट्रंक तेवढी बाहेर आणून ठेवली. संध्याकाळी उदयची बायको रिक्षा घेऊन आली. म्हणाली, आत्या, चला. आता मी त्यांच्याकडे असते. मुलगी सांभाळते.”

“आणि मालिनीबाई?” मी विचारलं.

“एकट्या आहेत. मी जाते मधून मधून. दार उघडतात, बोलत नाहीत.”

भाऊ म्हणाले, “एवढ्या लांब कशाला आलात? पत्र टाकायचं.”

“तुमच्यासमोर गप्प बसले होते,” आत्या म्हणाली. “तर तुमच्यासमोरच बोलायला हवं होतं.”

“आज राहा,” भाऊ म्हणाले. “उद्या दुपारच्या गाडीनं जा.” आणि माझ्याकडे वळले. “मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही ठाण्याला पत्र लिहिलं असतंत.”

“लिहिलं असतं,” ते शेवटी म्हणाले. “त्याच दिवशी लिहिलं असतं.”

त्यांनी उठून शर्ट घातला, चपला घातल्या आणि बाहेर गेले. अर्ध्या तासानं परत आले. आईनं विचारलं कुठं गेला होतात, तर म्हणाले, नाक्यावरच्या फोनवर. संगमेश्वरच्या दुकानात फोन करून उद्या येऊ नका असं सांगितलं.

“अहो, काय कारण सांगितलंत?” आई घाबरली.

“कारण कसलं? सांगितलं, आमचं मुलीला विचारायचं राहून गेलंय.”

माझ्याकडे न बघता ते हे बोलले आणि पाय धुवायला मागच्या दारी गेले.

त्यानंतर आमच्याकडे कुणी बघायला आलं नाही. भाऊंनी मला पुढं कधीतरी विचारलं, मी नको म्हणाले, आणि तो विषय तिथंच राहिला. मी निवृत्त होईपर्यंत एसटीतच होते. त्यांची माझी बाचाबाची पुढे पुष्कळदा झाली, पण ती औषधांवरून आणि रेडिओच्या आवाजावरून.

मला आठवतो तो दुसरा दिवस, रविवार. बघायला यायचं ठरलेल्या रविवारी मी पाचला उठायचे. त्या दिवशी जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून पलंगावर आलं होतं. घड्याळात साडेदहा वाजले होते. मला कुणी उठवलं नव्हतं. स्वयंपाकघरात आई आणि आत्या काहीतरी हळू आवाजात बोलत होत्या. बाहेर ओट्यावर मासळीवाली आली होती, तिनं नेहमीसारखी मोठ्यांदा आरोळी दिली, आणि लगेच भाऊंचा आवाज आला.

“हळू गो बाय, हळू. आमची मुलगी झोपलीय.”

मी ऐकलं, आणि कूस बदलून पुन्हा झोपले.